रीजेंट स्ट्रीटवरचं भूत

१८६२ सालच्या २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, लंडनच्या ३०९, रीजेंट स्ट्रीट या पत्त्यावर जॉन हेन्री पेपर नावाच्या रसायनशास्त्राच्या व्याख्यात्याने निमंत्रित पाहुण्यांना भूत दाखवलं. चार्ल्स डिकन्सच्या ‘द हाँटेड मॅन’ या कथेतला प्रसंग रंगमंचावर चालू होता. अचानक हवेत एक आकृती उमटली. ती अगदी जिवंत हालचाल करत होती आणि तरीही तिच्यातून मागचं सामान स्पष्ट दिसत होतं. मग ती जशी आली तशीच विरून गेली. पाहुण्यांमध्ये लेखक होते, पत्रकार होते, विज्ञानाचे जाणकार होते, आणि सगळेच थक्क झाले.

पेपरने त्या रात्री एक गोष्ट करायचं ठरवलं होतं. प्रयोग संपला की त्यामागचं प्रकाशशास्त्र तो समजावून सांगणार होता. त्याच्या संस्थेचा रिवाजच तसा होता. पण समोरच्यांचे चेहरे पाहून त्याने बेत बदलला. त्याने काहीच सांगितलं नाही. पुढे थोड्याच आठवड्यांत त्या युक्तीचं पेटंट घेतलं गेलं.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत आले. कल्याणच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना परावर्तन आणि अपवर्तन शिकवण्यात माझी नोकरी गेली. विज्ञान प्रदर्शनांची जबाबदारीही बहुतेक वेळा माझ्याकडेच असायची. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या प्रदर्शनांबद्दल मी जे जे वाचलं, ते एका प्रश्नाला धरून वाचलं: दाखवणाऱ्याने पाहणाऱ्याला किती सांगायचं? पेपरच्या त्या संध्याकाळच्या मौनापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते.

आधी त्या शहराची कल्पना यायला हवी. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली आणि १९०१ मध्ये वारली. या चौसष्ट वर्षांत लंडनमध्ये पैसे देऊन काहीतरी ‘बघायला’ जाण्याचं जणू वेड होतं. जुन्या जत्रा मागे पडत होत्या. शेकडो वर्षं भरणारी बार्थोलोम्यूची जत्रा १८५५ मध्ये कायमची बंद झाली. तिच्यातले खेळ आता छपराखाली आले होते. लेस्टर स्क्वेअरमध्ये १८५१ ते १८६२ या काळात एक प्रचंड पृथ्वीगोल उभा होता. त्याच्या आत शिरून जिन्याने वर चढायचं आणि आतल्या बाजूला कोरलेले डोंगर-समुद्र पाहायचे. बेकर स्ट्रीटवर मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे होते. रीजेंट्स पार्कजवळच्या कलोसियममध्ये संपूर्ण लंडनचं गोलाकार चित्र होतं आणि वर नेणारी एक खोलीही होती, म्हणजे आजची लिफ्ट. गरीब वस्त्यांत एखाद्या रिकाम्या दुकानात पडदा टांगून एका पेनीत दाखवायचे खेळ असत.

चांगल्या ठिकाणी दर बहुधा एक शिलिंग. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. १८५० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला जेमतेम नऊ-दहा शिलिंग मिळत. तेव्हा शिलिंग काही किरकोळ रक्कम नव्हती. तरीही १८५१ साली हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनच्या काचेच्या महालात महाप्रदर्शन भरलं आणि २६ मेपासून शिलिंगाचे दिवस सुरू झाले, तेव्हा सबंध देश लोटला. मेरी कॅलिनॅक नावाची पंच्याऐंशी वर्षांची बाई कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्सजवळून लंडनपर्यंत चालत आली. साडेपाच महिन्यांत साठ लाखांहून अधिक वेळा लोकांनी त्या महालाचा उंबरा ओलांडला. पंजाबातून नेलेला कोहिनूर तिथे पिंजऱ्यात ठेवला होता. तो पाहून मात्र लोक नाराज झाले, कारण त्याच्या जुन्या भारतीय पैलूंमधून त्यांना हवी तशी झळाळी दिसत नव्हती. दुसऱ्याच वर्षी तो घासून १८६ कॅरटवरून सुमारे १०६ कॅरटवर आणला गेला. बघणाऱ्यांच्या अपेक्षेसाठी दगड बदलला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

या साऱ्या गर्दीत माझं मन रमतं ते रीजेंट स्ट्रीटवरच्या त्या इमारतीत. ‘पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन’ ऑगस्ट १८३८ मध्ये सुरू झाली. उड्डाणाचं शास्त्र मांडणारे सर जॉर्ज केली तिचे अध्यक्ष होते. पुढे राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट आश्रयदाता झाला आणि नावाआधी ‘रॉयल’ लागलं. आत गेलं की लांबलचक दालन आणि मधोमध पाण्याचे कालवे. त्यांत छोटी जहाजं चालत आणि कालव्याच्या दारांची रचना खरीखुरी चालवून दाखवत. भोवती यंत्रं चालू स्थितीत मांडलेली. ‘हात लावू नये’ अशी पाटी लावायची आपल्याकडे फार हौस असते. इथे यंत्र हलताना दिसणं हाच मुद्दा होता.

सगळ्यांत मोठं आकर्षण होतं पाणबुड्यांची घंटा. सुमारे तीन टन वजनाची ओतीव लोखंडाची पोकळ घंटा, खालून उघडी. आत कडेने बसायला जागा. चार-पाच माणसं बसली की साखळीने ती पाण्याच्या टाकीत सोडायची आणि पंपाने आत हवा भरत राहायची. उलटा ग्लास पाण्यात दाबला की आतली हवा पाण्याला वर येऊ देत नाही, एवढंच ते तत्त्व. पण ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या पायांखाली पाणी थांबलेलं बघणं वेगळं. खाली जाताना दाब वाढे आणि कान ठणकत. यासाठी लोक वेगळा शिलिंग मोजत. स्वतः प्रिन्स अल्बर्टही त्या घंटेत बसून खाली गेला होता. हवेचा दाब शिकवण्याचा याहून प्रामाणिक तास मला माहीत नाही, कारण तो थेट विद्यार्थ्याच्या कानाच्या पडद्यावर घेतला जात होता.

गच्चीवर १८४१ च्या मार्चमध्ये रिचर्ड बिअर्डने इंग्लंडमधला पहिला फोटो स्टुडिओ उघडला. वरून काचेतून येणारा उजेड घ्यायचा, म्हणून गच्ची. आणि खाली अंधाऱ्या सभागृहात ऑक्सि-हायड्रोजन सूक्ष्मदर्शक. चुन्याच्या तुकड्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या मिश्र ज्योतीचा झोत सोडला की चुना पांढराशुभ्र प्रखर तळपतो. त्या उजेडाने पाण्याचा एक थेंब भिंतीएवढ्या पडद्यावर टाकायचा. थेंबातले वळवळणारे जीव मांजराएवढे होऊन समोर धावू लागत. लंडनकर थेम्सचंच पाणी पीत होते, तेव्हा त्या दृश्याचा परिणाम काय होत असेल! ते जीव रोगाचं कारण नव्हते, हे खरं. पण पाणी नितळ दिसलं म्हणजे ते शुद्धच असतं असं नाही, हा विचार हजारो साध्या माणसांच्या डोक्यात असल्या पडद्यांनी रुजवला. १८५४ मध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि डॉ. जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं. तो पंप पॉलिटेक्निकपासून चालत फार तर दहा-पंधरा मिनिटांवर होता.

आता भुताकडे येऊ. ही युक्ती मुळात पेपरची नव्हे. हेन्री डर्क्स नावाच्या इंजिनिअरने १८५८ मध्ये लीड्स इथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात ती मांडली होती. मांडणी अचूक होती, पण तिच्यासाठी प्रेक्षकांना खूप उंचावर बसवावं लागे, म्हणजे नाट्यगृहच नव्याने बांधायला हवं. कोणीही हात पुढे केला नाही. चार वर्षांनी पेपरने डर्क्सचं छोटं प्रतिरूप पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं की काच उभी न ठेवता प्रेक्षकांकडे किंचित झुकवली, तर आहे त्याच नाट्यगृहात काम भागतं.

रचना अशी. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक मोठी स्वच्छ काच, प्रेक्षकांकडे झुकलेली. रंगमंचाच्या पुढे खाली एक खड्डा, प्रेक्षकांना न दिसणारा. त्याचं आतलं अंग काळ्या कापडाने मढवलेलं. खड्ड्यात पांढऱ्या कपड्यांतला नट. त्याच्यावर झोत टाकला की त्याचं प्रतिबिंब काचेत उमटतं, आणि प्रेक्षकाला ते काचेवर न दिसता काचेच्या पलीकडे, खऱ्या नटाच्या शेजारी उभं असल्यासारखं दिसतं. झोत मंदावला की भूत विरतं. काचेतून पलीकडचा उजेड येतो आणि काचेवरून अलीकडचा उजेड परततो. दोन्ही एकाच वेळी डोळ्यांत शिरतात. रात्री एसी डब्यात बसून बाहेर पाहिलं की खांब, झाडं आणि आपला चेहरा एकत्र दिसतात ना, तेच हे.

साध्या काचेवरून परतणारा उजेड थोडाच असतो, बहुतेक आरपार निघून जातो. म्हणून खड्ड्यातल्या नटावर भयंकर प्रखर झोत लागे. इथे पुन्हा तो तळपणारा चुना कामाला येई. नटाचे हाल होत. काच कललेली, म्हणून प्रतिबिंब सरळ उभं दिसण्यासाठी त्याला उतरत्या फळीला टेकून तिरकं राहावं लागे. वर उभ्या नटाला भूत दिसतच नसे. तो रिकाम्या जागेशी लढाई करी, आणि खालचा नट दुसऱ्या रिकाम्या जागेवर वार झेली. तलवार भुताच्या छातीतून आरपार गेली असं प्रेक्षकांना दिसायचं, ते दोघांनी पावलं मोजून केलेल्या तालमीमुळे. आणि हे सगळं मुक्याने. काचेमुळे मागचा आवाजही दबत असे.

वर्गात मी हा प्रयोग लहान प्रमाणात करून दाखवत असे. खिडकीची एक काच उभी करायची. अलीकडे पेटती मेणबत्ती, पलीकडे बरोबर तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला ग्लास. अलीकडची मेणबत्ती पुठ्ठ्याआड लपवायची. मुलांना पाण्यात जळणारी मेणबत्ती दिसते. सारखं अंतर हे यातलं मर्म आहे. काच प्रतिमेला जितकी मागे नेते तितक्याच मागे ग्लास असला पाहिजे. बोटभर चुकलं तरी ज्योत ग्लासच्या काठावर चढते. मग पुठ्ठा काढायचा. माझा अनुभव असा की पुठ्ठा काढल्यावर मुलांचा उत्साह ओसरत नाही. उलट तेव्हाच ती जागची उठतात. कोणी मेणबत्ती सरकवतं, कोणी ग्लासच्या जागी बोट धरून बोट पेटवून बघतं. पुठ्ठा असेपर्यंत ती प्रेक्षक असतात, पुठ्ठा निघाल्यावर प्रयोग त्यांचा होतो.

म्हणून मला पेपरचा तो निर्णय खटकतो. त्याची बाजूही समजते. पॉलिटेक्निकला सरकारी मदत नव्हती. तिकिटांवरच सारा डोलारा. १८५९ मध्ये तिथला जिना कोसळून एका मुलीचा जीव गेला होता आणि संस्था आर्थिक संकटात सापडली होती. भुताने ती सावरली. युवराज आणि युवराज्ञीही भूत बघून गेले. पेपरने स्वतः एक आठवण लिहून ठेवली आहे. मायकल फॅरडे भूत पाहायला आले. पेपरने त्यांना पडद्यामागे नेलं, तरी त्यांच्या लक्षात येईना. शेवटी पेपरने त्यांचा हात धरून काचेवर टेकवला, आणि मग सगळा उलगडा झाला. विजेच्या आणि चुंबकाच्या शास्त्राचा पाया घालणारा हा माणूस, समजत नाही म्हणायला कचरला नाही. आणि त्याला समजावं म्हणून पेपरने त्याच्यापुरता पडदा बाजूला केला. शिलिंग देऊन बसलेल्या सुताराच्या पोराचा हात कोणी धरला नाही, याचं मला वाईट वाटतं. डर्क्सच्या वाट्याला मात्र कडवटपणा आला. पैशांतला वाटा त्याने सोडून दिला होता, त्याला श्रेय हवं होतं. ते ‘पेपर्स घोस्ट’ या नावाने पेपरकडे गेलं आणि आजतागायत तिथेच आहे. भाषण करणारे नेते ज्या पारदर्शक काचांवरून मजकूर वाचतात, त्या काचांतही हेच तत्त्व आहे.

पॉलिटेक्निकमध्ये निदान विचारायची सोय होती. व्याख्याता समोर उभा असे. दक्षिणेला पिकॅडिलीवर ‘इजिप्शियन हॉल’ होता, तिथे काय दाखवलं जाईल याला धरबंधच नव्हता. विल्यम बुलॉकने १८१२ मध्ये इजिप्तच्या देवळासारखा दर्शनी भाग देऊन ही इमारत बांधली. नेपोलियनची गाडी, बेल्झोनीने इजिप्तमधून आणलेलं पुराण-सामान, मिसिसिपी नदीचं गुंडाळीवरून सरकत जाणारं मैलोगणती चित्र, आल्बर्ट स्मिथचं माँ ब्लाँ चढण्याचं गमतीदार आख्यान आणि शेवटी मॅस्केलिनची जादू, असं सगळं तिथे होऊन गेलं.

१८४४ मध्ये पी. टी. बार्नम अमेरिकेहून एक मुलगा घेऊन इथे आला. चार्ल्स स्ट्रॅटन त्याचं नाव, उंची पंचवीस इंच. जाहिरातीत तो ‘जनरल टॉम थंब’. बार्नमने त्याचं वय वाढवून सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो तेव्हा सहा वर्षांचा होता. बकिंगहॅम राजवाड्यात राणीसमोर तो नेपोलियनची नक्कल करून आला. निघताना राणीचा कुत्रा अंगावर आला तेव्हा त्याने इवलीशी काठी उगारून सगळ्यांना हसवलं. त्यानंतर हॉलवर गर्दी आवरेना.

दोन वर्षांनी, १८४६ च्या एप्रिलमध्ये, त्याच इमारतीतल्या दुसऱ्या दालनात बेंजामिन रॉबर्ट हेडन या चित्रकाराने आपली दोन भव्य ऐतिहासिक चित्रं मांडली. त्याची आयुष्यभराची श्रद्धा होती की मोठी चित्रं सामान्य माणसाला उन्नत करतात. त्याच्या रोजनिशीत त्याने आकडे लिहून ठेवले: आठवड्यात टॉम थंबला बारा हजार माणसं, मला १३३½. अर्धा म्हणजे एक लहान मुलगी. त्याच वर्षी २२ जूनला त्याने आत्महत्या केली. कर्जं होती, जुन्या निराशा होत्या, सगळा दोष त्या छोट्या मुलावर टाकणं अन्याय होईल. तो मुलगा पुढे श्रीमंत झाला, बार्नम अडचणीत आला तेव्हा त्याच्या मदतीला उभा राहिला. पण हेडनच्या हिशेबात एक उत्तर आहेच. लोकांसमोर एकाच जिन्याने जाण्याची दोन दालनं असली तर ते कुठे वळतात, याचं.

मला इथे लोकांना दोष द्यावासा वाटत नाही. जी माणसं पाण्याच्या थेंबाकडे डोळे विस्फारून पाहत होती, तीच टॉम थंबकडे पाहत होती. कुतूहल तेच. त्याच्यासमोर काय ठेवायचं आणि त्यासोबत काय सांगायचं, हे मांडणारा ठरवतो. जिथे मांडलेली वस्तू म्हणजेच एक माणूस असतो, तिथे हा प्रश्न फार गंभीर होतो.

१८८४ च्या अखेरीस टॉम नॉर्मन याने १२३, व्हाइटचॅपल रोड या दुकानात जोसेफ मेरिकला लोकांसमोर बसवलं. मेरिक लेस्टरचा, तेव्हा बावीस वर्षांचा. हाडांची आणि कातडीची अनिर्बंध वाढ झाल्याने त्याचा चेहरा, उजवा हात, पाय विद्रूप झाले होते. बोलणं समजत नसे. कारखान्यात काम जमेना, फेरीवाल्याचं काम जमेना, अनाथ-गरिबांच्या आश्रमात वर्षं काढली. शेवटी त्याने स्वतःच एका खेळवाल्याला पत्र लिहून कळवलं की मला दाखवा. समोरच लंडन हॉस्पिटल होतं. तिथले सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज रस्ता ओलांडून त्याला बघायला आले आणि नंतर त्याला पॅथॉलॉजिकल सोसायटीच्या सभेत डॉक्टरांपुढे उभं केलं.

ट्रीव्ह्जच्या १९२३ च्या आठवणींत नॉर्मन हा दुष्ट आणि डॉक्टर तारणहार आहेत. नॉर्मनने मात्र आपली बाजू मांडली. मिळकतीत मेरिकचा निम्मा वाटा होता, त्याने पैसे साठवले होते. आणि तो पुन्हा हॉस्पिटलमध्ये जायला तयार नव्हता, कारण तिथे कपडे उतरवून बाजारातल्या जनावरासारखं पारखलं जातं, असं त्याचं म्हणणं होतं. नॉर्मनचं बोलणं सगळंच खरं मानायचं कारण नाही. तोही आपला धंदा सावरत होता. पण दुकानात एक पडदा होता आणि शास्त्राच्या सभेत तोही नव्हता, हे कसं नाकारायचं? पोलिसांनी असे खेळ बंद पाडले, बेल्जियममध्ये कोणी मेरिकची पुंजी लुबाडून त्याला सोडून दिलं, तो कसाबसा लंडनला परतला. १८८६ च्या डिसेंबरमध्ये हॉस्पिटलचे अध्यक्ष कार गॉम यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, लोकांनी वर्गणी पाठवली आणि मेरिकला तिथे कायमची खोली मिळाली. एका धड हाताने त्याने पुठ्ठ्याचं नाजूक चर्च बनवलं. ते अजून आहे. ११ एप्रिल १८९० रोजी सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्याचा सांगाडाही वैद्यकीय महाविद्यालयाने ठेवून घेतला. ट्रीव्ह्जने आठवणींत त्याचं नाव ‘जॉन’ लिहिलं आणि पुढची कित्येक वर्षं जग त्याला त्याच नावाने ओळखत राहिलं. ज्याला इतक्या जणांनी इतकं जवळून पाहिलं, त्याच्या नावाचीही पक्की नोंद राहू नये, याने माझ्या पोटात तुटतं.

मेरिक लंडनला परतला त्याच उन्हाळ्यात, १८८६ मध्ये, साउथ केन्सिंग्टनला वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं मोठं प्रदर्शन चालू होतं. ४ मे रोजी राणीने ते उघडलं, आणि पंचावन्न लाखांच्या आसपास लोक येऊन गेले. तिथे एका राजवाड्याच्या अंगणाची प्रतिकृती उभारून चौतीस भारतीय कारागीर काम करत बसवले होते: विणकर, कुंभार, ठाकठोक करणारे. पिढीजात दरबारी कारागिरीचं हे जिवंत दर्शन, असा त्याचा थाट. प्रत्यक्षात त्यांना आणलं होतं आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगाचे अधीक्षक डॉ. टायलर यांनी. तुरुंगात गालिचे विणण्यासारखी कामं कैद्यांकडून करून घेत, त्या कारखान्यातली ही माणसं. राणीचा पुढे गाजलेला मुन्शी अब्दुल करीम याच तुरुंगात कारकून होता. बख्शीराम नावाचा कुंभार एकशे दोन वर्षांचा असल्याचं सांगत. राणीला ही मंडळी इतकी भावली की तिने रुडॉल्फ स्वोबोडा या ऑस्ट्रियन चित्रकाराकडून त्यांची चित्रं काढून घेतली. बख्शीरामचं चित्र पाहावं. पांढरी दाढी, सुरकुतलेला चेहरा, आणि डोळ्यांत एक अशी स्थिर नजर की चित्रकारालाही त्याच्याकडे माणूस म्हणूनच बघावं लागलं असणार.

याच प्रदर्शनासाठी कलकत्त्याहून त्रैलोक्यनाथ मुखर्जी हे अधिकारी गेले होते. १८८९ मध्ये त्यांचं प्रवासवर्णन इंग्रजीत प्रसिद्ध झालं. लोक आपल्याकडे कसे रोखून पाहत, आपल्याला भाषा येत नाही असं धरून आपल्याबद्दल काय काय बोलत, हे त्यांनी शांतपणे लिहिलं आहे. ते या प्रदर्शनातल्या व्यवस्थेचे भाग होते आणि नकळत मांडलेल्या वस्तूही झाले होते. पण त्यांनी बघणाऱ्यांकडे उलट पाहिलं आणि ते पाहणं छापून आणलं. बख्शीरामने लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं, या विचाराने मी कितीदा थांबले आहे.

पॉलिटेक्निक १८८१ मध्ये बंद पडलं. क्विंटिन हॉग यांनी इमारत घेऊन तिथे कामकरी तरुणांसाठी शिक्षणसंस्था चालवली, तिचंच आज वेस्टमिन्स्टर विद्यापीठ झालं आहे. घंटा गेली, भूत गेलं, पण अंधारात एकत्र बसून उजेडाकडे पाहायची सवय त्या वास्तूला होती. पॉलिटेक्निकचे मॅजिक लँटर्नचे खेळ तर साऱ्या इंग्लंडात नावाजलेले होते. काचेवर हाताने रंगवलेली मोठी चित्रं, दोन कंदिलांतून एकावर एक टाकायची, एकाची वात मंद करत दुसऱ्याची वाढवायची. हिवाळ्यातली पाणचक्की बघता बघता उन्हाळ्यात जाई. २१ फेब्रुवारी १८९६ रोजी याच वास्तूत ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ इंग्लंडमधल्या तिकीट काढलेल्या प्रेक्षकांना पहिल्यांदा दाखवला गेला. तसंच यंत्र ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये चाललं.

कंदील मात्र आपल्याकडे त्याआधीच पोहोचला होता. आमच्या कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ करत होते. काचेवर रंगवलेली रामायणातली पात्रं, सीतास्वयंवर, सर्कस. एकाहून अधिक कंदिलांचे झोत मेळवून हात हलवायचा, मान वळवायची, आणि सोबत निवेदन नि गाणी. त्या काचांवरचं रेखाटन इतकं सूक्ष्म आहे की पडद्यावर शेकडोपट मोठं झालं तरी ओठाची कड फाटत नाही. माझ्या गावात हे घडलं आणि मी इतकी वर्षं प्रकाश शिकवताना मुलांना परदेशी उदाहरणं देत राहिले नाही, याचं मला समाधान आहे. पटवर्धनांचं नाव माझ्या वर्गात दर वर्षी घेतलं गेलं.

त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळकेही आधी जादूगार होते. ‘फाळके’ उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते खेळ करत. १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आणला. देव प्रकट होणं, माणूस अदृश्य होणं हे सगळं ते जादूगाराच्या सफाईने पडद्यावर करत, आणि लोक पडद्याला हात जोडत. अशा वेळी दाखवणाऱ्याने गुपित सांभाळलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. पण १९१७ मध्ये फाळक्यांनी एक छोटा चित्रपट काढला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात: नटांना समजावून सांगताना, फिल्म हाताळताना, तिचे तुकडे जुळवताना. चित्रपटाचं नाव आहे ‘चित्रपट कसे तयार करतात’.